तूर्त

विषय क्रमांक सात.
बेळगावहून आलेलं परिपत्रक, दोन पानी, कन्नडमध्ये.
अध्यक्ष म्हणाले, मराठीत नाही तर वाचायचं नाही.
बडिगेर मॅडम म्हणाल्या, वाचल्याशिवाय मराठीत होणार कसं?
पंख्याखाली तासभर हेच.

मी प्रोसिडिंगचं पुस्तक उघडून बसले होते,
पेनाचं टोपण चावत.
बाहेर कार्तिक सरत आलेला, उकाडा मात्र चैत्राचा,
आणि मार्कंडेयच्या काठानं कापून पसरलेल्या भाताला
शेतातच मोड आलेले.
बासमतीचा वास खिडकीतून आत येत होता, आंबूस.

शेवटी मष्णूला हाक मारली.
मष्णू नीरगंटी, पाणी सोडणारा,
त्याची शाळा कन्नड आणि शिव्या मराठी.
दारातच उभा राहून त्यानं मोठ्यानं वाचलं:
हवामान तुर्तु परिस्थिती.

"हवामान म्हणजे हवामानच की ओ,"
यल्लूबाई म्हणाल्या, "ह्यात मराठी काय करायचं राहिलंय?"

तुर्तुवर मात्र गाडी अडली.
अध्यक्ष म्हणाले, तूर्त म्हणजे तूर्त. सध्यापुरतं.
पुढचं पुढं बघूया.
मॅडमनी मान हलवली. तुर्तु अंद्रे ईगले.
आत्ताच्या आत्ता.

एकच शब्द.
टेबलाच्या त्या बाजूला चप्पल न घालता धावत सुटलेला,
ह्या बाजूला लोडाला टेकून पान जुळवणारा.

मी मागची पानं चाळली. अक्षर माझंच.
मोरीचा विषय तूर्त तहकूब.
तळ्याच्या गाळाचा तूर्त तहकूब.
नाल्यावरच्या लेआउटचा तर चारदा,
कारण प्लॉट अध्यक्षांच्या मेहुण्याचे.
गावच्या फलकाचा विषय तेवढा कधीच तहकूब नाही,
सव्वा पान, सर्वानुमते, घोषणांसकट.

मष्णूनं व्हॉल्व्हची चावी टेबलावर ठेवली.
हातभर लांब लोखंड, चहाचे कप हलले.
"मोरीत पाइप दोन. पाणी चाराचं येतंय.
हे कुठल्या भाषेत लिवायचं, सांगा."

मग म्हणाला,
"परवाच्या पावसात गंगव्वाला खाटेसकट उचललं रात्री.
चौघं होतो. मी 'उचला' म्हणालो का 'एत्ति',
आठवत नाही. तोंडात पाणी होतं."

कुणी बोललं नाही. पंखा करकरत राहिला.

त्यानंतरचं सगळं पटापट झालं, म्हणजे सव्वादोन तासांत.
मोरी फोडायची, चार पाइप, मृगाच्या आत.
गाळ ज्याला हवा त्यानं शेतात न्यावा, पावती फुकट.
रोजगार हमीची हजेरी उन्हाळ्यात सहाला,
अकरानंतर बायकांच्या डोक्यावर पाटी नको,
हे यल्लूबाईंनी दोनदा लिहून घेतलं.
आणि चावडीच्या भिंतीवर एक यादी:
पाणी चढलं तर कुणाला कुणी उचलायचं.
पहिलं नाव गंगव्वाचं. चौथं अध्यक्षांच्या आईचं.

लेआउटवर हात वर करायचे ठरले.
विरोधात चार, बाजूनं चार.
अध्यक्षांचा हात उठला, कानापर्यंत आला,
आणि त्यांनी कान खाजवला.
मी तो विरोधात मोजला.
त्यांनी पाहिलं. बोलले नाहीत.

ठराव लिहून संपवताना सवयीनं लिहिलं,
अंमलबजावणी तूर्त.
पेन थांबलं.
शेजारी बारीक अक्षरात लिहिलं:
मॅडमच्या अर्थानं.

सह्या होत होत्या, दोन अंगठे, एक शिक्का.
मष्णूनं चावी उचलली.
खालच्या गल्लीच्या पाण्याची वेळ
केव्हाच होऊन गेली होती.